माळाला माणसं हवीत

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या शिवारात उसाचा शेवटचा फड जिथं संपतो आणि जमिनीतून मुरूम डोकं वर काढतो, तिथं एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही अकरा जण उभे होतो. नऊ शाळकरी पोरं, मी आणि मेंढरं घेऊन आलेले एक आबा. ऊन अजून कोवळं होतं. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि कुसळं पोरांच्या मोज्यांत घुसत होती. आबांनी हातातली काठी एकदम आडवी धरली. "थांबा रं. आता पाय बघून टाका." पोरं थबकली. कुणालाच काही दिसेना. आबांनी काठीच्या टोकानं जागा दाखवली, तरी दिसेना. मग सगळ्यांत मागं उभी असलेली एक मुलगी पुढं आली, उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "अंडी हायेत."

टिटवीची चार अंडी. घरटं म्हणावं असं काहीच नव्हतं. मुरमात बोटभर खळगा, त्याच्या कडेला चार खडे आणि एकदोन वाळल्या लेंड्या. अंड्यांचा रंग मुरमासारखाच, त्यावर काळपट ठिपके, आणि चारही अंड्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला वळलेली. पन्नास पावलांवर टिटवी पळत होती, थांबत होती, कोकलत होती. आबा म्हणाले, "वरच्या अंगाला घातल्यात. औंदा पाऊस बरा." टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडं गेलं. आदल्या दिवशी संध्याकाळी याच चढावरून दोनशेच्या वर मेंढरं खाली उतरली होती आणि एकही अंडं फुटलं नव्हतं. आबांनी कळप वळवून नेला होता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे कुणी पैसे दिले नव्हते.

एका पोरानं लगेच खड्यांचं कडं करायला घेतलं, म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही. आबांनी त्याचा हात धरला. "खूण करू नगं. खूण केली की माणूस येतो, मागनं कुत्रंबी येतं."

माळाच्या संरक्षणाबद्दल मी बरीच वर्षं वाचतो, ऐकतो, लिहितो. त्या सगळ्यात आबांसारखी माणसं बहुतेक वेळा 'समस्या' या सदरात येतात. अतिचराई, अतिक्रमण, अवैध शिकार. माळाभोवती कुंपण पडतं, 'प्रवेश बंद' असा फलक लागतो आणि तो सगळ्यांत आधी ज्याला अडवतो, तो माळ ज्याला पाठ आहे असाच माणूस असतो. हा फलक उलटा वाचायची वेळ आली आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी माळ म्हणजे काय ते कागदावर पाहू. गावच्या दप्तरात माळाला माळ म्हणत नाहीत. तो कुठं गायरान असतो, कुठं मुलकी पडीक, कुठं वनखात्याची जमीन, आणि खाजगी सातबाऱ्यावर असला तर पोटखराबा. या शब्दांमागे इतिहास आहे. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातली जमीन मोजणी आणि आकारणीची जी पद्धत पुढं सगळीकडं गेली, ती सुरू झाली आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, १८३६च्या सुमारास. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी मातीची खोली, रंग, पोत पाहून जमिनीची प्रत ठरवली आणि प्रतीवरून सारा. शेतकऱ्यांच्या दृष्टीनं आधीच्या अंदाधुंद आकारणीपेक्षा ही पद्धत बरी होती. पण तिच्या तराजूत नांगराखाली येणाऱ्या जमिनीलाच वजन होतं. ज्या जमिनीवर आकार बसत नाही ती पड. पडीक म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे कशालाही द्यायला मोकळी. स्वातंत्र्यानंतरही आपण तोच चष्मा लावला. आज सरकारी नकाशांत दख्खनचा कितीतरी गवताळ माळ ओसाड जमीन म्हणून रंगवलेला दिसतो.

प्रत्यक्षात तो कधीच ओसाड नव्हता. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. मुरमावर मातीचा थर वीतभर. अशा जागी मोठी झाडं दाटीनं उभी राहत नाहीत, गवत राहतं. मारवेल, पवन्या, कुसळी, आणि मधूनमधून हिवर, बोर, तरवड. गवताची खरी दौलत जमिनीखाली, मुळांत असते. वरचं पातं गुरांनी खाल्लं, वणव्यात जळलं, दुष्काळात करपलं, तरी पहिल्या वळवानंतर आठ दिवसांत माळ हिरवा होतो तो त्या मुळांच्या जोरावर. त्यावर काळवीट आणि चिंकारा जगतात, त्यांच्यामागं लांडगा, खोकड, तरस. चंडोल, लावा, पखुर्डी, धाविक असे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या घारी उतरतात आणि गवतावरून हातभर उंचीवरून तरंगत जातात. ज्यानं नोव्हेंबरातल्या तिन्हीसांजेला एकाच माळावर पाचसहा भोवत्या निवाऱ्याला उतरताना पाहिल्या आहेत, त्याला ओसाड हा शब्द तोंडातून काढवत नाही.

हा माळ किती जुना? जंगल तोडून तो झाला, असा एक समज आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५मध्ये एक वेगळा पुरावा मांडला. त्यांनी जुन्या मराठी संतसाहित्यात आणि कथांत कोणकोणती झाडंझुडपं येतात ते तपासलं. निघाली ती बहुतांशी काटेरी, उन्हातली, माळावरची झाडं. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही या मुलखाचं रूप असंच होतं. त्यातलं एक झाड आपल्या घरचं आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेनं पंढरपूरच्या देवळात विठ्ठलापुढं देह ठेवला आणि तिथं तरटीचं झाड उगवलं, ही कथा जिल्ह्यातल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. तरटी हे दाट रानातलं झाड नव्हे, ते उघड्या माळावरचं काटेरी झाड. वारकऱ्यांनी शतकानुशतकं ज्याला हात जोडले, ते झाड माळाचा साक्षीदार आहे.

आता दुसरा शब्द: सार्वजनिक. गायरान सार्वजनिक असतं, पाणवठा सार्वजनिक असतो, असं आपण सहज म्हणतो. पण सार्वजनिक म्हणजे कुणाकुणाचं, हा प्रश्न महाराष्ट्रात रक्त सांडून विचारला गेला आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ऑगस्ट १९२३मध्ये संमत झाला: सरकारी पैशानं बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेनं आपलं तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. तरी तिथं जाऊन ओंजळभर पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं, बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चालत जावं लागलं आणि त्यानंतर त्या लोकांना मार खावा लागला. न्यायालयातली लढाई १९३७पर्यंत चालली. कागदावर खुलं असणं आणि प्रत्यक्षात खुलं असणं यांतलं अंतर किती लांब असतं, ते चवदार तळ्यानं दाखवलं. माळाची गोष्ट त्याहून वेगळी नाही.

गायरानाच्या बाबतीत हा प्रश्न पुढं पोटाशी भिडला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९मध्ये आणि मग १९६४-६५मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. पुढं २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयानं अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त यांनी १४ एप्रिल १९९०पर्यंत कसायला घेतलेली गायरानं नियमित करण्याचं ठरलं. दुसरीकडं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११च्या जगपाल सिंग निकालात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. दोन्ही गोष्टी मला पटतात, आणि त्या एकमेकींच्या आड येतात असं मला वाटत नाही. चार एकर मुरमात बाजरी पेरून पोट भरणारी बाई आणि गायरानावर व्यापारी गाळे उठवणारा माणूस यांना एकाच नोटिशीनं तोलणं अन्याय आहे. माळ वाचवायच्या नावाखाली सगळ्यांत दुबळ्याला आधी उठवलं, तर माळाच्या बाजूनं उभं राहायला गावात उद्या कोण उरेल?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळून चुकलं आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोक पाहिले आणि त्यांच्याकडं सगळ्यांचं लक्ष वेधलं. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. उडू शकणाऱ्या सगळ्यांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथं गवताचे तुकडे राखले गेले, त्यात माळढोक वाढले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात नान्नजला मुक्काम ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला. जगभरातले पक्षिप्रेमी सोलापूरला उतरून नान्नजचा रस्ता विचारू लागले.

इथवरची गोष्ट अभिमानाची. पण १९७९मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, शिवाय तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे. आमचा माढा तालुकाही त्या रेषेत आला. माळढोकाचा प्रत्यक्ष वावर होता तो इथंतिथं विखुरलेल्या गवताच्या तुकड्यांत. रेषेच्या आत मात्र शेतं होती, गावं होती, बाजार होते, साखर कारखाने होते. जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवाने, उद्योग, सगळ्यांना अभयारण्याची आडकाठी. गावोगावच्या लोकांनी तो पक्षी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण त्याचं नाव तहसीलात आणि बँकेत ऐकलं होतं. माळढोक हा शब्द लोकांच्या तोंडात तक्रार म्हणून रुळला. लहानपणी मीही तो तसाच ऐकला: "माळढोकात अडकलंय." पक्षी नव्हे, जणू चिखल.

त्याच काळात भीमेवर उजनी धरण झालं, १९८०मध्ये. पाणी आलं, ज्वारी-करडई-भुईमुगाच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. खुद्द नान्नज द्राक्षासाठी नावाजलं. सोनाका या वाणाच्या नावात सोलापूर, नान्नज आणि तो शोधणारे काळे हे घराणं अशी तिन्ही नावं दडली आहेत. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, याचा आनंदच आहे. पण माळढोक गवताइतकाच कोरडवाहू शेतांवर जगत होता. ज्वारीच्या धसकटांत आणि भुईमुगाच्या रानात तो किडे वेचायचा. उसाच्या भिंतीत त्याला पाऊल टाकायला जागा नव्हती. त्यात विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्री आली. अभयारण्याचं क्षेत्र २०१२च्या सुमारास कमी करून १२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तोवर उशीर झाला होता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०११मध्येच माळढोकाला नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या यादीत टाकलं होतं. आज देशात उरलेले माळढोक मुख्यतः राजस्थानात आहेत; नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखादा दिसला तर दिसला.

मध्य प्रदेशातल्या करेराची कथा तर आणखी बोचरी आहे. तिथंही माळढोकासाठी १९८१मध्ये अभयारण्य झालं, तिथंही खाजगी जमिनी रेषेत आल्या, लोकांचा राग पक्ष्यावर निघाला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथून माळढोक संपला. कायदा होता, फलक होते, राखणदार होते. गाव बाजूला नव्हतं.

गाव बाजूला असणं म्हणजे सभेत हात वर करणं नव्हे. गावात माळाशी नातं असलेली माणसं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचं नातं वेगळं असतं. शेतकऱ्याला माळ बांधापलीकडचा वाटतो. शेतमजूर बाईला तो विळा आणि गवताचा भारा. वारकऱ्याला तो रिंगणाची मोकळी जागा: खुडूसला, वाखरीला अश्व धावतो तो उघड्या रानातच. पण दोन समाजांचं नातं सगळ्यांत दाट आहे, आणि त्यांनाच माळावर सगळ्यांत जास्त हटकलं जातं: धनगर आणि पारधी.

धनगराच्या वाड्याचं वर्षाचं गणित पाण्यागवतावर चालतं. कुठलं कुरण कधी रिकामं ठेवायचं, कुठल्या महिन्यात कुठल्या ओढ्याला पाणी असतं, हे त्याच्या डोक्यात असतं. सुगीनंतर तो शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतो. रात्रभरात पडलेल्या लेंड्या आणि मूत हे पुढच्या पिकाचं खत, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. सांगोला, माळशिरस, माढा या भागांत हा व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. चराईनं माळाचं वाटोळं होतं, हे सरसकट खरं नाही. एकाच जागी वर्षभर तोंड लागलं तर गवत मरतं. पण कळप हलता असला तर उलट घडतं. धाविकाला आखूड गवत लागतं, लाव्याला कमरेएवढं, चंडोलाला मधलं. हलता कळप माळावर आखूड-उंच गवताचे ठिगळ तयार करतो आणि सगळ्यांची सोय होते. संपूर्ण कुंपण घातलेल्या तुकड्यात गवत नुसतं उंच वाढून आडवं पडतं आणि पुढच्या पावसात नवे कोंब त्याखाली गुदमरतात.

लांडग्याचं तसंच. माळावरचा लांडगा आता बऱ्याच ठिकाणी मेंढरांवर जगतो. आबांना मी विचारलं, राग येत नाही का? म्हणाले, "येतो की. पण त्योबी माळाचाच. त्याचा वाटा त्यो नेणारच." हे ऐकायला गोड वाटतं, प्रत्यक्षात तो वाटा म्हणजे दहाबारा हजारांची मेंढी असते. लांडग्यानं मारलेल्या जनावराची सरकारी भरपाई मिळते, पण त्यासाठी ठरल्या वेळेत खबर, पंचनामा, कागदपत्रं. आज या गावात, परवा पुढच्या गावात असणाऱ्या माणसाला तो फेरा परवडत नाही. लांडगा वाचवायचा खरा खर्च धनगर भरतो आणि त्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही. चराईबंदीचंही तेच. ती अनेक गावांच्या कायापालटाचा पाया ठरली, हे खरंच आहे. हिवरे बाजारसारख्या गावानं बंदीबरोबर विळ्यानं गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, तीही शहाणपणाची. पण बाहेरून येणाऱ्या धनगराच्या पायाखालची वाट त्यात बंद होते, त्याचं काय? २००६च्या वनहक्क कायद्यानं भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. आमच्या बाजूला तो हक्क मागायचा असतो हेच फार थोड्यांना माहीत आहे.

पारध्यांची जखम त्याहून खोल. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं देशात कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. सोलापूर शहरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची मोठी वसाहत होती. त्या भागाला आजही सेटलमेंट असंच म्हणतात. शिक्का कागदावरून पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ला. गावाच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. पुढं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. ते आवश्यकच होतं, पण फासे टाकून जगणाऱ्याला दुसरं काय हाती दिलं, तर काहीही नाही.

विदर्भात अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत मात्र कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या 'संवेदना' संस्थेनं फासेपारध्यांबरोबर बसून हा प्रश्न उलटा मांडला. तणमोर हा माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी तिथल्या गवतात येतो. तो कुठं येतो, केव्हा येतो, नर गवतातून उसळी कसा मारतो, हे पारध्यांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या ज्ञानाला मान दिला गेला. पारध्यांनी आपल्या वस्त्यांजवळची कुरणं स्वतः राखायला घेतली, शिकारीवर आणि चराईवर आपणच नियम घातले, गवत वाढवलं. पिढ्यानपिढ्या ज्यांना माळावर चोर ठरवलं गेलं, ते माळाचे राखणदार झाले.

मोडनिंबच्या माळावर अंडी सगळ्यांत आधी जिला दिसली, ती मुलगी पारधी वस्तीवरची आहे. शाळेत ती कमी बोलते. त्या सकाळी मात्र दोन तास सगळी पोरं तिच्या मागं मागं चालत होती. लाव्याच्या पायाचे ठसे आणि पखुर्डीच्या पायाचे ठसे यांतला फरक तिनं धुळीत बोटानं काढून दाखवला. हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, आणि कुठल्या परीक्षेत तिला ते कुणी विचारणारही नव्हतं.

इंग्लंडमधली एक घटना मला नेहमी आठवते, कारण ती सोलापूरसारख्याच गिरणगावची आहे. मँचेस्टर भागातले कापडगिरण्यांचे, कारखान्यांचे मजूर रविवारी मोकळ्या हवेसाठी बाहेर पडत. पण भोवतालचे उंच माळ जमीनदारांनी आपल्या शिकारीसाठी बंद केलेले. २४ एप्रिल १९३२ला काहीशे तरुण ठरवून किंडर स्काउट नावाच्या माळावर चढले. राखणदारांशी झटापट झाली, काहींना तुरुंगवास झाला. त्या पायपिटीतून उठलेली चळवळ पुढं १९४९च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यापर्यंत आणि २०००मध्ये उघड्या माळावर चालण्याच्या कायदेशीर हक्कापर्यंत पोहोचली. अमेरिकेत तर १८७२मध्ये जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, यलोस्टोन, झालं ते तिथल्या मूळ रहिवाशांना बाहेर काढतच. आणि १९३९मध्ये शेनँडोआ उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी मुक्कामाची वेगळी जागा आखली गेली. सगळ्यांचं म्हणवणाऱ्या निसर्गाच्या दारात असे पहारे सगळीकडं बसले आणि जिथं हटले तिथं ते लोकांनीच हटवले.

आपल्याकडं पहारा हटला तर काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिथले मासेमारी करणारे तरुण पूर्वी त्यांच्याकडं पाहतही नसत. आता तेच होडीतून पाहुण्यांना नेतात, पक्ष्यांची नावं सांगतात, होडी किती जवळ न्यायची आणि वल्हं कधी थांबवायचं ते ठरवतात. घरी न्याहारी-जेवणाची सोय करून बायकांनाही कमाई झाली. पक्षी उडाला तर उद्या पाहुणा येणार नाही, हे कळायला त्यांना कुणाच्या व्याख्यानाची गरज पडली नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर गावानं चिंकारा जपला आणि आता वनखात्यानं तिथं स्थानिक वाटाड्यांना घेऊन गवताळ माळाची सफर सुरू केली आहे. माढा तालुक्याला हे जमणार नाही, असं एकही कारण मला दिसत नाही. मोडनिंब पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेवर आहे. येणाऱ्याला वाट शोधावी लागत नाही.

पण पाहुण्यांच्या आधी गावातल्याच माणसांना बोलवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. गावातली किती पोरं हौसेनं माळावर जातात? मुलींना तर एकटीनं जाऊच देत नाहीत. माळ म्हणजे हागणदारीची, दारूच्या बाटल्यांची, भीतीची जागा, असंच त्यांच्या मनात असतं. ज्या जागेशी आनंदाची एकही आठवण जोडलेली नाही, ती जागा उद्या कुणी सौर प्रकल्पाला दिली काय किंवा मुरमासाठी पोखरली काय, हळहळ कुणाला वाटणार?

आणि झाडं लावायच्या बाबतीत हात आखडता घ्यायला हवा. माझ्या पाहण्यातल्या एका माळावर मोठ्या उत्साहानं खड्डे घेतले गेले, गिरिपुष्पाची आणि अशीच परकी रोपं लावली गेली, फोटो निघाले. दोन उन्हाळ्यांत रोपं वाळली. खड्ड्यांनी गवताचं मूळ उखडलं होतं, ते परत आलंच नाही. जी थोडी झाडं जगली, त्यांच्यावर कावळे बसू लागले, आणि उघड्यावरची अंडी हेरायला कावळ्याला तेवढी उंची पुरते. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. कुणी त्यांना आधी आबांशी बोलायला सांगितलं असतं तर ते खड्डे पडले नसते. गायरानाबद्दल ग्रामसभेत ठराव होतो तेव्हा धनगर, पारधी आणि गवत कापणाऱ्या बाया तिथं असाव्यात. कुठला तुकडा कधी बंद आणि कधी खुला, हे त्यांच्या सल्ल्यानं ठरावं. पोरांना माळ दाखवणाऱ्या आबांना त्या दिवसाची मजुरी मिळावी, जशी कुठल्याही जाणत्याला मिळते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं एवढं एका गावात झालं तरी मला पुरे.

तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. या वेळी पोरं नऊची चौदा झाली होती आणि दोघींच्या आया बरोबर आल्या होत्या, पायात चपला आणि डोक्यावर पदर, उन्हाचं काय होईल म्हणून दोन बाटल्या पाणी. आबांचा वाडा ओढ्याच्या पलीकडं सरकला होता, तरी ते चालत आले. खूण नव्हतीच, त्यामुळं जागा शोधताना पोरांचं भांडण झालं. एकाला तरवडाचं झुडूप आठवत होतं, दुसऱ्याला फुटका दगड. शेवटी ती मुलगी नीट जागेवर जाऊन थांबली. खळगा रिकामा होता. एका पोराचा चेहरा पडला. तेवढ्यात वर टिटवी कोकलत फिरली, आणि आबांनी सगळ्यांना खाली बसायला खुणावलं. आम्ही बसलो. बराच वेळ काही हललं नाही. मग चार हातांवर एक खडा उठला, दोन पावलं पळाला आणि पुन्हा खडा झाला.

"तीन हायेत," ती मुलगी म्हणाली. आम्हाला एकच दिसलं होतं.

आबा उठले, ओढ्यापलीकडच्या कळपाकडं तोंड करून त्यांनी लांब हाळी दिली, आणि पुढची मेंढी वरच्या वाटेनं वळली.